जुन्या गाडीच्या वायरिंगमधला लपलेला फॉल्ट कसा शोधायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठल्या गाड्यांबद्दल बोलतोय आपण?

कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, ओम्नी, जुनी झेन, पद्मिनी, ॲम्बॅसिडर, महिंद्राची जीप वगैरे. थोडक्यात जिच्यात कंप्युटर नाही, किंवा असला तरी नावापुरताच. ८०० डिसेंबर १९८३ ला आली आणि २०१४ च्या सुरुवातीपर्यंत बनत होती, म्हणजे चाळिशीतलं वायरिंगही रस्त्यावर आहे. पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ ला संपली, पण हौशी लोकांच्या पार्किंगमध्ये अजून चिकार आहेत.

नवी बॅटरी टाकली तरी दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ लागत नाही. बॅटरीच खराब निघाली का?

निघू शकते, पण आधी मोजा आणि मग दुकानदाराशी भांडा. बॅटरी पूर्ण चार्ज करायची, निगेटिव्हची केबल काढून ठेवायची आणि रात्र जाऊ द्यायची. सकाळी टर्मिनलवर १२.६ व्होल्टच्या आसपास आलं तर बॅटरी फुल, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. केबल काढलेली असतानाही उतरली तर बॅटरी वॉरंटीत परत द्या, प्रश्न मिटला. केबल काढून टिकते आणि लावली की उतरते, तर गाडी गुपचूप करंट खातेय.

तो करंट मोजायला निगेटिव्ह केबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये मल्टिमीटर लावायचा, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. किल्ली बाहेर, दारं बंद किंवा दाराचा स्विच टेपने दाबलेला, बोनेटखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब काढलेला. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, हेडलाइट लावायचे नाहीत, कारण मीटरमधला फ्यूज जातो, आणि अगदी स्वस्तातल्या मीटरला त्या भोकावर फ्यूजच नसतो त्यामुळे मीटरच जातो. आणि मोजून झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट बघायला जाल आणि बॅटरी मीटरमधूनच शॉर्ट कराल.

आकडा किती चालतो? स्टीरिओची मेमरी आणि घड्याळ धरून २० मिलीअँपिअर वगैरे ठीक, ५० च्या वर गेला तर शोधायला लागा. अर्धा अँपिअर ऐकायला काहीच वाटत नाही, पण दिवसाला १२ अँपिअर-अवर होतात, आणि छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची असते, म्हणजे तिसऱ्या दिवशी गाडी धक्क्यावर आलीच. आता एकेक फ्यूज काढत जायचं आणि मीटरकडे बघत राहायचं, ज्या फ्यूजने आकडा धाडकन खाली आला ते सर्किट पकडायचं.

फ्यूज सगळे काढले तरी आकडा तसाच आहे, आता?

आता खरी मजा. काही वायरी फ्यूजबॉक्समधून जातच नाहीत: ऑल्टरनेटरची (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) मागची जाड वायर, सेल्फची केबल, इग्निशन स्विचपर्यंतची मेन, आणि मागच्या मालकाने बॅटरीवरून थेट ओढलेलं काहीबाही. ह्यात ऑल्टरनेटरचा नंबर बऱ्याचदा लागतो, आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लीक झाला की बॅटरी उलटी त्यातून झिरपत राहते. बॅटरी सुटलेली असताना (ती वायर कायम लाइव्ह असते म्हणून) ऑल्टरनेटरची ती वायर काढा, टेप गुंडाळून बाजूला ठेवा आणि परत मोजा. आकडा पडला तर डायोड प्लेट. अजून एक खूण म्हणजे इंजिन चालू असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोडवर संशय घ्यायला हरकत नाही.

बाकी नेहमीचे आरोपी अगदी साधे असतात. डिकीचा दिवा विझतच नाही हे डिकी बंद असल्यामुळे कळत नाही, मोबाइलचा कॅमेरा व्हिडिओवर ठेवून डिकीत टाका आणि झाकण बंद करा, दिसतं लगेच. ५ वॉटचा दिवा दिवसाला १० अँपिअर-अवर खातो. ब्रेक पेडलचा स्विच अडकला तर मागचे दोन २१ वॉटचे बल्ब मिळून साडेतीन अँपिअर होतात, ३५ ची बॅटरी रात्रीत संपली.

मीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरी बल्ब पेटत नाही. असं कसं?

कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एक बारीक तार शिल्लक राहिली तरी मीटर खुशाल १२ दाखवणार, आणि बीप मारणारी कंटिन्युइटी टेस्ट तर त्याहून जास्त फसवणार, बीप आली म्हणजे वायर चांगली असं अजिबात नसतं. हेडलाइटच्या बल्बला साडेचार-पाच अँपिअर हवेत, ते त्या एका तारेतून येत नाहीत. म्हणून मोजायचं ते लोड चालू असताना. कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग) लावलेला, बल्ब जोडलेला, स्विच चालू, आणि मग मागच्या बाजूने पिनवर मीटर टोचायचा.

ह्या सगळ्या धंद्यात एकच टेस्ट शिकायची असेल तर व्होल्टेज ड्रॉपची शिका. समजा डावा हेडलाइट मंद आहे. दिवा चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी बल्बच्या पॉझिटिव्ह पिनला. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत खाल्ले जातायत. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी बल्बच्या अर्थ पिनला (गाडीत अर्थ म्हणजे बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणारी वाट), तिथेही तेच. अर्थच्या बाजूला ०.१ च्या आसपास ठीक, अर्धा व्होल्ट दिसला तर फॉल्ट तिकडे आहे. पॉझिटिव्हकडे जास्त आला तर वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर एक पिन पुढे पुढे सरकवत न्यायची, फ्यूजच्या अलीकडे, पलीकडे, स्विचच्या अलीकडे, पलीकडे. जिथे आकडा एकदम उडी मारतो ती जागा. काही सोलायचं नाही, काही बदलायचं नाही.

दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले तर उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो, त्यामुळे "जुन्या गाडीचे लाइट असेच असतात" हे पूर्ण खरं नाही. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा अख्खा करंट स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या स्विचमधून फिरून येतो. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवून बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजसकट जाड वायर दिली की त्याच ६०/५५ वॉटच्या बल्बमध्ये फरक दिसतो. १००/९० चे बल्ब मात्र जुन्या वायरिंगवर लावू नका, होल्डर वितळतो आणि स्विचही भाजतो.

डावा इंडिकेटर लावला की टेल लॅम्पपण मंद लुकलुकतो. गाडीला काय झालंय?

अर्थिंग गेलंय त्या लॅम्पचं. मागच्या लॅम्पमधले सगळे बल्ब एकाच अर्थवर असतात. ती अर्थ सुटली की इंडिकेटरच्या बल्बमधून आलेला करंट परत जायला दुसरी वाट शोधतो, ती म्हणजे शेजारच्या टेलच्या फिलामेंटमधून उलटा जाऊन पलीकडच्या लॅम्पच्या अर्थपर्यंत. म्हणून एक लावलं की दुसरं पेटतं, ब्रेक दाबला की इंडिकेटर उजळतो, असले भुताटकीचे प्रकार. फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) बदलून काही होत नाही, लोक तोच आधी बदलतात. लॅम्पच्या अर्थ पिनपासून बॅटरी निगेटिव्हपर्यंत एक तात्पुरती लांब वायर लावून बघा, सगळं शहाण्यासारखं वागायला लागलं तर निदान झालं. मग पत्र्यावरचा तो स्क्रू काढा, गंज आणि रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, नवीन थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावा, घट्ट करा, वरून ग्रीस.

अर्थिंग कुठे कुठे बघायचं?

बॅटरी ते बॉडी, बॉडी ते इंजिन, पुढच्या लाइटांजवळ, मागच्या लॅम्पजवळ आणि डॅशबोर्डच्या मागे मीटरची. ह्यात बॉडी ते इंजिन ही पट्टी सगळ्यात जास्त दुर्लक्षित. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ती पट्टी गेली तर सेल्फचा शंभरेक अँपिअर करंट परत यायला दुसरा धातू शोधतो, आणि तो असतो ॲक्सिलरेटरची नाहीतर चोकची केबल. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली किंवा केबल वारंवार जळून अडकायला लागली तर मेकॅनिक नवीन केबल टाकत राहील, तुम्ही अर्थची पट्टी बघा. सेल्फ मारताना इंजिनच्या ब्लॉकपासून बॅटरी निगेटिव्हपर्यंत ०.३ व्होल्टच्या आत यायला हवं. कुणीतरी किल्ली फिरवायला पाहिजे, गाडी न्यूट्रलमध्ये.

पेट्रोलचा काटा आणि टेंपरेचरचा काटा दोन्ही एकत्र वर-खाली करत असतील तर दोन्ही सेन्सर एकदम खराब व्हायची शक्यता कमीच, मीटरची अर्थ किंवा जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत मीटरला १० व्होल्ट देणारा छोटा स्टॅबिलायझर बघा.

फ्यूज सारखा उडतो. मोठा टाकू का?

नाही. आणि चांदीचा कागद (फॉइल) गुंडाळून तर अजिबात नाही. फ्यूज वायर वाचवायला असतो. १० च्या जागी ३० टाकलात तर पुढच्या वेळी उडणारी वस्तू वायर असेल, डॅशबोर्डच्या मागे.

फ्यूज न जाळता शॉर्ट शोधायची जुनी वायरमन मंडळींची युक्ती अशी की फ्यूज काढायचा आणि त्याच्या दोन पिनांमध्ये २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट जोडायचा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो आणि बल्बमुळे करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही, त्यामुळे काही जळत नाही. आता त्या सर्किटवरची उपकरणं एकेक करून काढा, सगळी निघाली तरी बल्ब पेटलेला म्हणजे शॉर्ट वायरीतच. मग वायरिंगचा बंच जिथून जातो तिथे हलवत, दाबत जायचं, फायरवॉलचं (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचं) भोक, सीटखालचा पत्रा, दाराचा सांधा, डिकीचा बिजागर. जिथे हलवल्यावर बल्ब विझतो किंवा मंद होतो तिथे सोला. बहुतेक वेळा भोकातली रबराची रिंग म्हणजे ग्रोमेट निघून गेलेलं असतं आणि पत्र्याच्या कडेने वायर कापलेली असते.

ओम्नीचं मागचं दार, हॅचबॅकची डिकी आणि ड्रायव्हरचं दार ह्या तीन जागा शॉर्टसाठीही आणि तुटलेल्या वायरीसाठीही आधी बघा. रोज वाकून वाकून आतली तांब्याची तार तुटते आणि वरचं कव्हर जसंच्या तसं दिसतं. वायर दोन्ही हातांनी हळू ओढा, रबरासारखी ताणली गेली तर आत काही उरलेलं नाही. बॅटरीजवळ फ्युजिबल लिंक (फ्यूजसारखी वितळणारी वायर) असेल तर तीही अशीच तपासायची.

फ्यूज उडत नाही, पण जळका वास येतो

लूज कॉन्टॅक्ट. शॉर्टमध्ये करंट वाढतो म्हणून फ्यूजला कळतं, लूज कॉन्टॅक्टमध्ये करंट उलट कमी होतो आणि सगळी उष्णता त्या एका सांध्यात तयार होते, फ्यूज बिचारा थंडच. हेडलाइट, ब्लोअर नाहीतर मागची काच गरम करणारं सर्किट दहा मिनिटं चालू ठेवून मग बंद करा आणि एकेका कपलरला बोट लावून बघा. तपकिरी झालेलं किंवा ठिसूळ प्लॅस्टिक दिसलं की सापडलं. पिन नुसती घासू नका, पिन आणि थोडी वायर दोन्ही बदला, उष्णतेने नरम झालेली पिन परत घट्ट धरत नाही.

फियाट घराण्यातल्या जुन्या गाड्यांत ते गोळीसारखे सिरॅमिकचे फ्यूज असतात, तिथे फ्यूज शाबूत असूनही टोकाला गंज धरतो. बोटाने दोन-तीन वेळा गोल फिरवला की दिवा लागतो. पण तो परत जाणार, क्लिप साफ करून थोड्या आवळून घ्या.

पावसाळ्यात बंद, दिवाळीनंतर आपोआप नीट. का?

कोकणात आणि मुंबईत हा प्रश्न दर जुलैत येतो. कपलरमध्ये पाणी जातं, तांबं हिरवं पडतं. ते हिरवं वायरीच्या आत तारांच्या मधून वर चढत जातं आणि मग टोक कापून नवीन पिन मारायला गेलात की आतली तार काळी आणि सोल्डर न धरणारी निघते. चमकती तार लागेपर्यंत कापत जायचं आणि तेवढा नवीन तुकडा जोडायचा.

पाऊस नसताना फॉल्ट आणायचा असेल तर स्प्रेच्या बाटलीने एकेका कपलरवर थोडं पाणी मारून बघा, पूर्ण इंजिनवर पाइप सोडू नका, तसं केलं तर दहा फॉल्ट एकदम दिसतील आणि तुमचा नेमका कुठला ते कळणारच नाही. साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनर. तो सगळ्यांच्या घरी असलेला गंज सोडवायचा स्प्रे पाणी हटवतो हे खरं, पण कायमचं संरक्षण म्हणून त्याचा उपयोग नाही, त्यासाठी वाळवून मग डायइलेक्ट्रिक ग्रीस.

उंदरांचं काय करायचं?

गाडी चालवत राहा, हा एकच उपाय खात्रीचा. बोनेटखाली तंबाखूपासून डांबर गोळीपर्यंत लोक सगळं ठेवतात. उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात आणि बॅटरीच्या मागे बसतात, आधी तिथे लेंड्या आहेत का बघा. कुरतडलेली वायर एक दिसली तर शेजारच्या चार उघडून बघा, एकच कधीच नसते.

थंड असताना चालते, गरम झाली की बंद पडते. वर्कशॉपमध्ये नेली की नीट!

गरम झाल्यावर जाणाऱ्या गोष्टी म्हणजे इग्निशन कॉइल, डिस्ट्रिब्युटरमधला इग्नायटर किंवा पिकअप आणि गरम होऊन सैल होणारे सोल्डर. बंद पडल्या क्षणी दोन गोष्टी बघून ठेवा, स्पार्क आहे का आणि कॉइलच्या पॉझिटिव्हला १२ व्होल्ट येतायत का. व्होल्ट नसतील तर कॉइलला दोष देऊ नका, मागे इग्निशन स्विचकडे चला. घरी फॉल्ट आणायचा तर हेअर ड्रायरने एकेक वस्तू गरम करायची.

वेगळा प्रकार म्हणजे किल्ली सेल्फवर धरली तोवर इंजिन चालतं आणि सोडली की मरतं. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलला जाणारा करंट कमी करणारा रेझिस्टर) असलेल्या गाडीत तो तुटलेला असतो, कारण सेल्फ मारताना करंट त्याला वळसा घालून जातो. रेझिस्टर नसेल तर इग्निशन स्विचचा ऑनचा कॉन्टॅक्ट जळलाय.

खड्ड्यात बंद पडत असेल तर कॉइलच्या पॉझिटिव्हवरून एक बारीक वायर काढून डॅशवर छोटा बल्ब लावा आणि गाडी चालवा (त्या वायरीला छोटा फ्यूज द्या). गाडी मेली त्या क्षणी बल्ब विझला का हे बघायचं, एवढ्याने अर्धं वायरिंग संशयातून सुटतं.

वळताना हॉर्न आपोआप वाजतो, फ्यूज मात्र जात नाही

बहुतेक गाड्यांत हॉर्नचं बटण अर्थच्या बाजूला असतं. स्टिअरिंगच्या कॉलममध्ये ती वायर घासून पत्र्याला लागली की बटण दाबल्यासारखंच होतं, त्यामुळे फ्यूजला काही चुकीचं वाटतच नाही. कॉलमचं कव्हर उघडा.

सीएनजी किट आणि ॲक्सेसरीजमुळे होतं का हे?

पहिला संशय तिथेच घ्या. कारखान्यातून आलेलं वायरिंग सहसा टोकाला किंवा घासून जातं, नंतर जोडलेलं मधूनच कुठूनही. सीएनजी-एलपीजी किट बसवताना इग्निशनची आणि पेट्रोलच्या सोलेनॉइडची नाहीतर पंपाची वायर मध्ये कापून स्विचमधून फिरवलेली असते, म्हणजे गाडी चालायचं न चालायचं हे त्या चार पिळून टेप मारलेल्या जॉइंटवर ठरतं. आपल्याकडच्या उन्हात टेपचा गोंद वितळून वायर उघडी पडते. स्टीरिओ, सेंट्रल लॉक, रिव्हर्सचं गाणं, फॉग लॅम्प, ह्या सगळ्याच्या वायरी कुठून घेतल्यात ते एकदा बसून बघा, आणि चालत नसलेल्या ॲक्सेसरीच्या वायरी तर मुळापासून काढूनच टाका. निम्मे जुने फॉल्ट ह्या साफसफाईत निघतात असं माझं मत, आणि काही खर्चही नाही.

वायरीच्या रंगावर विश्वास ठेवायचा का?

अनोळखी गाडीत नाही. लुकास (गाड्यांचं इलेक्ट्रिकल सामान बनवणारी ब्रिटिश कंपनी) पद्धतीच्या वायरिंगमध्ये तपकिरी म्हणजे बॅटरीवरून थेट, पांढरी इग्निशन, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, काळी अर्थ, निळी हेडलाइट, लाल साइड लाइट असा छान नियम आहे, पण तीस वर्षांत चार वायरमननी हाताला लागेल ती वायर टाकलेली असते. जपानी धाटणीच्या गाडीला हा नियम लावायचाच नाही. फार जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतं, म्हणजे बॅटरीचं प्लस बॉडीला, हे न बघता बॅटरी किंवा स्टीरिओ जोडला की धूर.

सोल्डर करू की क्रिम्प?

चांगल्या पक्कडीने केलेलं क्रिम्प (पिन वायरीवर दाबून बसवणं) आणि वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह, हलणाऱ्या जागी हेच. सोल्डर केलेली वायर सोल्डर संपतो तिथे ताठ होते आणि कंप पावून तुटते, डॅशच्या मागे स्थिर जागी चालतं. वायरीवर चिमटा मारून जोडतात ते निळे टॅप कुठेच नकोत. सामान पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं.

एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी कंप्युटरवर चालणारं इंजेक्शन) गाडीत हेच सगळं चालेल?

बरंचसं. पण ईसीयूच्या (इंजिनच्या कंप्युटरच्या) वायरीवर बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू नका, तिथे मीटरच. इंजिन चालू असताना बॅटरी सोडवायची जुनी "डायनामो टेस्ट" तर कुठल्याच ऑल्टरनेटरवर करू नका, व्होल्ट उसळतात आणि काहीतरी जळतं. चार्जिंग बघायला इंजिन चालू करून बॅटरीवर १३.८ ते १४.५ येतात का एवढं पुरे. एअरबॅग असेल तर पिवळ्या कपलरना हात नको.

पूर्ण वायरिंग नवीन टाकलं तर कटकट संपेल?

कव्हर हाताने वाकवल्यावर तडकत असेल, किंवा आगीने, पुराच्या पाण्याने गेलेली गाडी असेल तर हो, टाका. नाहीतर एका फॉल्टसाठी अख्खं वायरिंग बदलणं म्हणजे नवीन शंभर जॉइंट आणि त्यातले काही लूज.

वायरमनकडे नेताना काय सांगायचं?

"लाइटचा प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगू नका. कधी होतं, गरम की थंड, पाऊस, खड्डा, काय चालू असताना, आणि तुम्ही मोजलेले आकडे कागदावर लिहून द्या. "पार्किंगमध्ये ४०० मिलीअँपिअर, स्टीरिओचा फ्यूज काढला की २०" असं सांगितलंत तर चांगला माणूस सरळ स्टीरिओकडेच जाईल. काढलेला जुना तुकडा परत मागून घ्या. आणि त्याने कुठे नवीन वायर ओढली तर तिला फ्यूज दिलाय का, तो बॅटरीच्या जवळ आहे का, हे तिथेच बोनेट उघडं असताना बघून घ्या.